हर्निया, मार्गे आहुपे

"बोटं ऐकत नाहीत गं. सकाळपासून नुसता नाच चाललाय त्यांचा. तूच घे आजही."

ही कुरकुर सुदर्शनच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर झाली. कुरकुर करणारे होते मंचरचे डॉक्टर सावळेराम, ज्यांना सगळा तालुका आप्पा म्हणतो. आणि ऐकणारा सुदर्शन ऑपरेशनच्या टेबलावर उताणा पडलेला होता. पाठीतल्या इंजेक्शनाने कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. छातीवर हिरव्या कापडाचा पडदा होता आणि पडद्यापलीकडे त्याच्या हर्नियाची तयारी चालली होती. अशा वेळी माणूस स्वतःच्या मालकीचं जे काही उरलं असेल त्याला धरून राहतो. सुदर्शनकडे कान उरले होते.

"बरं सर," पडद्यापलीकडून डॉक्टर अश्विनी म्हणाली. ही आप्पांची सहायक. पुण्याला सर्जरीचं मोठं शिक्षण घेऊन दोन वर्षांपूर्वी इथे आलेली, धर्माजी मेंढपाळाची मुलगी.

मग आप्पांनी तोंड कानाजवळ आणून नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "हं, सुदर्शन, मंचरहून गाडी सुटली. पुढचा स्टॉप?"

ही आप्पांची जुनी रीत. त्यांची पहिली नेमणूक डोंगरातली, तेव्हा आहुप्याची एसटी हाच त्यांचा जगाशी संबंध. पेशंट जागा असला की त्याला घाबरायला सवड मिळू नये म्हणून ते त्याच्याकडून मंचर ते आहुपे सगळे स्टॉप म्हणून घेतात. मध्ये कोण चढलं, कोण उतरलं, कुणाची कोंबडी सुटली, तेही सांगावं लागतं. आहुपे आलं आणि ऑपरेशन संपलं नसलं तर परतीचा प्रवास. त्यामुळे आमच्या भागात ऑपरेशन किती वेळ चाललं हे कुणी मिनिटांत सांगत नाही. सोमाजी कंडक्टरचं अपेंडिक्स एकोणनव्वद साली बोरघरला निघालं. सरपंचांचा मुतखडा आहुपे करून परत घोडेगावला आला, तेव्हा कुठे हाती लागला.

सुदर्शनने घोडेगाव म्हटलं, शिनोली म्हटलं, डिंभे म्हटलं. डिंभ्याला धरणाचं पाणी बघताना त्याच्या मनात आलं की आप्पा जर माझ्या कानाशी उभे आहेत, तर तिकडे खाली कोण आहे? आणि त्याच क्षणी त्याने ठरवलं की आपण काही ऐकलं नाही. सुदर्शनच्या आईचं, ठकूबाईचं पोट आप्पांनी कंदिलाच्या उजेडात उघडून शिवलं होतं. ठकूबाई अजून रोज जेवायला बसताना त्या बोटांच्या नावाने एक घास बाजूला काढते. त्या बोटांबद्दल असलं काही ऐकणारे कान सुदर्शनला नको होते.

त्याचा हर्निया आहुपे करून परत डिंभ्याला आला. पंचावन्न मिनिटं. टाके सुबक पडले. आतून जाळी बसवली. पाचव्या दिवशी तो अवसरी बुद्रुकला घरी आला आणि इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण सुदर्शनकडे मेडिक्लेम होता.

दोन हजार चार साली आमच्याकडे मेडिक्लेम असलेला माणूस आणि घरात लिफ्ट असलेला माणूस यांच्यात फारसा फरक नव्हता. हायस्कुलात एक एजंट आला, त्याने सगळ्या स्टाफला चहा पाजला, बाकीचे चहा पिऊन तासावर गेले आणि सुदर्शन क्लार्क असल्यामुळे त्याला जायला तास नव्हता. एवढ्या कारणाने त्याने पॉलिसी घेतली. आता ती उपयोगी पडणार म्हणून तो ऑपरेशनच्या दुखण्यातही थोडा खूश होता.

कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून पत्र आलं. मराठीत पत्र पाठवायचा मोठेपणा कंपनीने दाखवला होता. बिलात 'सहायक सर्जन' अशी एक ओळ आहे, तरी सदर सहायकाची गरज काय होती व त्यांनी नेमके काय केले, याचा तपशील पाठवावा. तो आल्याखेरीज संपूर्ण दावा पुढे सरकणार नाही.

"एवढंच ना?" सुदर्शन बायकोला म्हणाला. "बसल्या बैठकीला लिहितो."

हे म्हणायचा त्याला अधिकार होता. बावीस वर्षं तो हायस्कुलचा पत्रव्यवहार सांभाळत होता. गावातले निम्मे अर्ज त्याच्या हातचे. विहिरीवरच्या मोटारीची वीजजोडणी असो की हरवलेल्या रेशनकार्डाची दुसरी प्रत, 'सविनय' पासून 'कळावे' पर्यंत त्याचा मजकूर कुठल्याही साहेबाने आजवर परत केला नव्हता. त्याने लिहिलं : 'डॉ. अश्विनी यांनी सदर शस्त्रक्रियेत मोलाचे साहाय्य केले.' खाली आप्पांची सही हवी म्हणून तो मंचरला गेला. आप्पांनी कागद वाचला, खिशातून रबरी शिक्का काढला आणि सहीच्या जागी तो दाबला.

"सही, आप्पा?"

"शिक्का आहे ना. शिक्क्यात सहीच आहे."

पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं आणि पंधरा दिवसांनी परत आलं. 'मोलाचे' या शब्दाखाली लाल शाईची रेघ होती. समासात लिहिलं होतं : 'म्हणजे काय?'

सुदर्शनने ती लाल रेघ दिवसभरात सात-आठ वेळा बघितली. हर्निया झाला तेव्हा त्याला इतकं लागलं नव्हतं. हिरा, त्याची बायको, म्हणाली, "अहो, त्यांना कळत नसेल. सोपं लिहा."

"मोलाचे यापेक्षा सोपं काय असतं?"

"मग काय केलं ते लिहा ना त्या बाईंनी."

इथे सुदर्शनला खोकला आला आणि खोकल्याने टाक्यांवर ताण आला, म्हणून विषय तिथेच राहिला.

शेजारी सोमाजी राहायचा, तोच अपेंडिक्सवाला निवृत्त कंडक्टर. तो रोज संध्याकाळी जाळीची चौकशी करायला यायचा. त्याला वाटायचं खिडकीला डासांची बसवतात तसलीच काहीतरी आहे.

"ग्यारंटी कार्ड मागून घेतलं का भाऊसाहेब? नंतर गंजली तर कुनाला धरायचं?"

"सोमाजी, ती गंजत नाही."

"समदं गंजतं. बरं, कुठवर गेला व्हता तुमी?"

"आहुपे करून डिंभ्यापर्यंत."

"लई लांब की. आन् आप्पांचा आवाज कुठून येत व्हता?"

सुदर्शन सावध झाला. "कुठून म्हणजे? तोंडातून."

"तसं न्हाई. माझ्या टायमाला पायाकडनं यायचा. पडद्याच्या पल्याडनं. लांबनं, एसटी स्टँडवर अनाउन्स करत्यात तसा." सोमाजीने त्याच्याकडे जरा रोखून बघितलं. "तुमचा जवळनं आला आसंल."

"मला भूल दिलेली होती," सुदर्शन म्हणाला.

"तर तर. भुलंत काय कळतंय," असं म्हणून सोमाजीने घाईघाईने आपल्या पेन्शनच्या कागदांचा विषय काढला.

पुढच्या गुरुवारी सुदर्शन पुन्हा मंचरला गेला. आप्पांना म्हणाला, "आप्पा, सहायकाने नेमके काय केले ते दोन ओळींत सांगा." आप्पा म्हणाले, "अश्विनीला विचार. तिच्याबद्दल मी कसं सांगू?" तो अश्विनीकडे गेला. ती एका म्हातारीच्या पायाचं ड्रेसिंग करत होती. वर न बघता म्हणाली, "काका, सरांनाच विचारा ना. सर सांगतील ते बरोबर." तो कंपाउंडर दादाभाऊकडे गेला. दादाभाऊ तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत असतो आणि बिलंही तोच करतो.

"मला काय इचारता? मी हत्यारं उकळून देतो. त्येच्या फुडं काय व्हतं ते मी बघत न्हाई."

"तीस वर्षं बघितलं नाही?"

"डोळं मिटून देतो म्हना. आन् बिलाचं काय, छापील हाय. वर आप्पा, खाली बाई. आसं छापून आलंय मंचरच्या प्रेसातनं, तसंच भरायचं. आता वर-खाली करायचं म्हनलं तर माझा हात व्हनार न्हाई." एवढं बोलून तो कापसाचे बोळे मोजायला लागला.

बाहेर बाकावर धर्माजी बसला होता. लाल पागोटं, गुडघ्यांत काठी. मेंढरं भावाकडे सोपवून तो आठवड्यातून एकदा पोरीला भाकरी घेऊन येई आणि ती रिकामी होईपर्यंत न कंटाळता बसे. सुदर्शनच्या हातातला कागद बघून तो सरकून बसला.

"भाऊसाहेब, कागुद आमच्या आश्विनीचा हाय म्हनं. काय लिव्हलंय?"

"विमा कंपनी विचारतेय, त्यांनी ऑपरेशनात काय काम केलं."

"आमाला बी त्येच इचारायचं व्हतं. धा-बारा वर्सं शिकली. दोन कळप इकलं तिच्यापायी. आन् नाव समद्यांच्या तोंडी आप्पांचं. त्ये बरूबरच हाय म्हना, आप्पा ते आप्पा. पन आमची पोर आत काय करती?"

सुदर्शनने आत बघितलं. दारातून आप्पांची पाठमोरी खुर्ची दिसत होती. तो म्हणाला, "मदत करतात."

"मंजी?"

"म्हणजे... उजेड बरोबर पडला पाहिजे ना ऑपरेशनवर. असं."

"लाइट धरती व्हय," धर्माजी म्हणाला. थोडा वेळ काठीकडे बघून त्याने मान हलवली. "चांगलं हाय. उजेड लागतोच."

सुदर्शन एसटीत बसून घरी आला तो वाटेत एकाही स्टॉपकडे न बघता. जेवताना त्याला घास गिळेना. हिराने जाळीबद्दल विचारलं. जाळीचं काही नव्हतं.

आता कुणी म्हणेल की इतकं होतं तर माणसाने दावा सोडून द्यावा. हिराही तेच म्हणाली. पण कंपनीचं दुसरं पत्र आलं होतं. 'समाधानकारक उत्तर न आल्यास दवाखान्याच्या नोंदींची तपासणी करण्यात येईल.' म्हणजे सोडून देण्याची वेळही गेलेली. एखादा साहेब येऊन आप्पांचे कागद चाळणार, आप्पांना सही करायला लावणार. त्या कल्पनेने सुदर्शनच्या पोटात गोळा यायचा आणि पोटाची जागा नेमकी तीच असल्यामुळे हा गोळा नवा की जुनाच परत आला, हेही त्याला ठरवता येईना.

त्याला वाटत होतं की हे जगात फक्त आपल्याला माहीत आहे. आपण तोंड उघडलं तर आप्पा संपले. म्हणून त्याने सोमाजीचा सल्ला ऐकला.

"साध्या कागदाला कोन इचारतं? परतिज्ञापत्र करा. स्टँपपेपरवर लिव्हलं की साहेब लोक गप बसत्यात. आन् आप्पांची अशी तारीफ करा की बाईंचं नावच निघू नये."

बनावट स्टँपच्या घोटाळ्यामुळे त्या वर्षी स्टँपपेपर मिळणं म्हणजे लग्नात बसायला जागा मिळण्यासारखं होतं. तालुक्याला तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी पेपर नव्हता, दुसऱ्या दिवशी पेपर होता पण वेंडर मयताला गेलेला, तिसऱ्या दिवशी दोन्ही होते पण सुदर्शनचा फोटो मिशीचा आणि तो स्वतः ऑपरेशनपासून बिनमिशीचा. ओळख पटवायला सोमाजीला नेलं. सोमाजीने साक्ष दिली की मिशी हीच आहे, फक्त सध्या नाही.

मग सुदर्शनने लिहायला घेतलं. अपमान धुऊन काढायचा, आप्पांना वाचवायचं आणि कंपनीला मराठी म्हणजे काय ते दाखवायचं, या तिन्ही हेतूंनी त्याने दीड पान भरलं. त्यातला मुख्य भाग असा : 'प्रतिज्ञार्थी सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो की, डॉ. सावळेराम यांनी शस्त्रक्रियेच्या संपूर्ण पंचावन्न मिनिटांत प्रतिज्ञार्थीची साथ क्षणभरही सोडली नाही. ते आरंभापासून अखेरपर्यंत प्रतिज्ञार्थीच्या उजव्या कानाशी उभे राहून, मंचर ते आहुपे व परत डिंभे असा संवाद साधत, मायेने धीर देत होते.'

त्याने ते हिराला वाचून दाखवलं. हिराच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमाजीला दाखवलं. सोमाजीने वाचता वाचता एकदा मान खाजवली, पण साहित्य चांगलं होतं, म्हणून तोही काही बोलला नाही.

दहा दिवसांनी चौकशी करणारे साहेब मंचरला आले.

चाळिशीतले, शांत, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. ते आप्पांच्या खोलीत आप्पांसमोर बसले. शेजारी अश्विनी उभी. सुदर्शनला निरोप देऊन बोलावलं होतं, धीराला सोमाजी. दादाभाऊ औषधाच्या कपाटाजवळ काहीतरी शोधत होता आणि शोधून झालेलं पुन्हा शोधत होता. धर्माजी दाराच्या चौकटीत, कारण गुरुवार होता.

साहेबांनी प्रतिज्ञापत्र उघडलं. "हे तुम्हीच लिहिलंत? छान लिहिता."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी हे म्हणालं होतं. सुदर्शनला एका अर्ध्या क्षणापुरतं बरं वाटलं.

"डॉक्टर पंचावन्न मिनिटं तुमच्या उजव्या कानाशी होते."

"हो."

"क्षणभरही हलले नाहीत."

"नाही."

"आणि हर्निया कुठे होता?"

सुदर्शनने संकोचाने टेबलाच्या कडेखाली बोट केलं. साहेबांनी बोटाकडे बघितलं, मग त्याच्या कानाकडे बघितलं. मधलं अंतर त्यांनी मोजलं असावं.

"मग डॉक्टरांचा हात तिथवर पोचला कसा?"



"आप्पांचा हात लई लांबवर जातो, सायेब," सोमाजी म्हणाला. "तालुक्यात कुनालाबी इचारा."

"कदाचित आवाज घुमला असेल," सुदर्शन म्हणाला. "मला भूल होती. कानाचा काही भरवसा नाही."

"आहुप्यापर्यंत घुमला?"

"आणि परत," सुदर्शन म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

साहेब अश्विनीकडे वळले. "मॅडम, तुम्ही काय केलंत?"

"मदत केली."

"म्हणजे काय?" तीच लाल शाई.

"जखम... उघडी धरली होती."

"जाळी कुणी शिवली?"

अश्विनीने आप्पांकडे बघितलं नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. सुदर्शननेही कॅलेंडरकडे बघितलं, तर सोमाजीही तिकडेच बघत होता, आणि दादाभाऊही. तेव्हा सुदर्शनच्या डोक्यात उजेड पडला. गेले दोन महिने तो जे गुपित छातीशी धरून हिंडत होता, ते या खोलीतला प्रत्येक जण धरून होता. बहुधा मंचरच्या बाजारातला प्रत्येक भाजीवालाही. सगळा तालुका मिळून एक पडदा धरून उभा होता, हिरव्या कापडाचा.

आप्पांचे हात टेबलावर होते. वाऱ्यात कागद उडू नये म्हणून ठेवतात तसा डावा पंजा उजव्यावर ठेवलेला.

दारातून धर्माजी पुढे आला. पागोटं काढून हातात घेतलेलं.

"सायेब, येक सांगू का? ती लाइट धरती. ह्या भाऊसाहेबांनी सोता सांगितलंय मला, ते खोटं बोलायचं न्हाईत. लाइट धरायचं पैसं बसत नसतील तर नगा दिऊ, आमची तकरार न्हाई. पन आप्पांना तरास नगं."

सुदर्शनने खाली मान घातली. अश्विनीने कॅलेंडरवरची नजर काढून वडिलांकडे बघितलं आणि पुन्हा तिकडेच नेली.

साहेबांनी एक कोरा कागद आप्पांपुढे सरकवला. "डॉक्टर, तुम्हीच लिहून द्या. शिक्का नको. दोन ओळी, तुमच्या हातच्या."

आप्पांनी डावा पंजा उचलला. खालचा उजवा हात मोकळा झाला तसा लगेच हलायला लागला. त्यांनी पेन घेतलं, टोक कागदाला लावलं. कागदावर अक्षर उमटलं नाही, बारीक नागमोडी रेघ उमटली, डोंगरातल्या रस्त्यासारखी. ते ती थोडा वेळ बघत राहिले. मग पेन अश्विनीसमोर ठेवलं.

"तू लिही. मी सांगतो."

"सर, राहू दे ना."

"लिही गं. सर्जन : डॉक्टर अश्विनी धर्माजी. वडिलांचं नाव पुरं घाल. त्याखाली, सहायक : डॉक्टर सावळेराम."

दादाभाऊच्या हातातली बाटली कपाटावर आपटली. फुटली नाही. अश्विनीने पेन उचललं होतं, पण ते पहिल्या ओळीवरच थांबलं होतं.

"आणि सहायकाने नेमके काय केले?" साहेबांनी विचारलं. आवाज जरा खाली आणून विचारलं.

आप्पांनी धर्माजीला बसायला खूण केली. तो बसला नाही.

"लाइट वर टांगलेला असतो, धर्माजी. तो कुणी धरत नाही. ह्याचं ऑपरेशन तुझ्या पोरीनं केलंय. याच्या आधी दोन वर्षं झालेली सगळी तिनंच केलीत. माझे हात थरथरतात. मी आता कुणाला हात लावत नाही. सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला सांगणं सगळ्यांच्या जिवावर येतंय." मग ते अश्विनीकडे वळले. "लिहिलंस? पुढं लिही. सहायकाचं काम : पेशंटच्या उशाशी उभं राहून त्याला आहुप्याला नेणे, आणि परत आणणे."